नेम

पाच चाळीसला वळणावर माझ्या बसचे दिवे
तिच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर पडतात.
मी हॉर्न वाजवत नाही.
ओर्तेन्सिया नावेल्किन येते, बाहीवर भुसा,
मागून तिसऱ्या सीटवर बसते
आणि कारखाना येईस्तोवर झोपते,
तोंड किंचित उघडं टाकून.

चिलोए बेटावर हवेचा काही नेम नाही.
बोटीचा नाही, पगाराचा नाही,
कामाला दक्षिणेकडे गेलेल्या नवऱ्यांचा तर नाहीच.
वारा समुद्रावरून उठतो तो थेट हिच्या भिंतीवर.
तिथे आधी नुसता पत्रा होता,
रात्रभर कण्हणारा.

मार्चमध्ये एका पहाटे दिव्यांच्या उजेडात
खालच्या कोपऱ्यात एक फळी दिसली.
पंजाएवढी, टोकाला गोल, माशाच्या खवल्यासारखी.
दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी दुसरी.
जुन्या धक्क्याचे सिप्रेसचे ओंडके
ती चार वाजता उठून फोडते, वाकसाने तासते, ठोकते.
रोज एक.
दिवसभर सामन माशांचे खवले काढायचे
आणि पहाटे एक चढवायचा.

मी विचारलं, एकच का?
म्हणाली, "दोन करायला गेले तर दोन्ही बिघडतात.
शिवाय तुझी बस येते."

बसमधल्या बायका हसायच्या.
एल्सिरा बार्रिया म्हणाली,
ह्या चालीने भिंत होईपर्यंत तुला पेटी लागेल गं.
"मग उरलेल्या फळ्या पेटीला ठोका,"
असं म्हणून हिने डोळे मिटले.

जुलैमध्ये कारखान्यात सुरीचा नेम चुकला.
अंगठ्याला सात टाके.
अकरा दिवस बाहीवर भुसा नाही,
भिंतीवर एकशे अठरा, एकशे अठरा, एकशे अठरा.
मला वाटलं, संपलं. लोकांचं संपतंच.
माझंही अकॉर्डियन पलंगाखाली आहे,
वीस वर्षं झाली.

बाराव्या दिवशी एकशे एकोणीस.
डाव्या हाताने केलेली,
गोल टोक एका बाजूला ढळलेलं, कुत्र्याच्या कानासारखं.
मला बघवेना. म्हटलं, बरं वाटलं की बदलशील.
तिने खिडकीतून मान वळवून बराच वेळ पाहिलं.

बदलली नाही.
टाके निघाले, उजवा हात कामाला आला,
तरी पुढची फळीही तशीच, ढळलेली.
आता मुद्दाम.
त्या पुढची थोडी जास्त, त्या पुढची अजून.
आमच्या बेटावर हा आकार कुणाच्या घराला नाही.
लांबून पाहिलं तर एवढा मोठा मासा
सरळ पोहत आलेला, तिथे पोचून वळतो.
एल्सिरा आता तिच्याच बाजूला बसते
आणि वळणावर जागी असते.

माझ्या डॅशबोर्डमध्ये डिझेलची वही आहे.
चाळीस लिटर. मागचं चाक बघणे.
कधीतरी शेजारी आकडा लिहू लागलो, एकशे चौसष्ट.
मग आकड्यापुढे दोन शब्द.
'नवीला साल राहिलीय.'
'आज खिळा वाकडा, शिवी ऐकू आली.'
'धुकं. भिंत नाही.'
एवढंच. पण आता पेन शोधायला
खिसे चाचपावे लागत नाहीत.

काल ती पुढे येऊन बसली.
"तू मोजतोस ना? किती झाल्या?"
तीनशे दोन, मी म्हणालो, छाती फुगवून.
"तीनशे तीस."
मी हुज्जत घातली. वही दाखवली, तारखांसकट.
ती अंगठ्याचा व्रण खाजवत म्हणाली,
"सगळ्यात खाली, पहिल्या ओळीच्या मागे
अजून एक ओळ असते.
पाणी आत जाऊ नये म्हणून आधी ती ठोकायची,
मग तिच्यावर दुसरी.
अठ्ठावीस आहेत तिथे. फेब्रुवारीतल्या.
तेव्हा तू रस्ता बघत होतास."

आज दोन मिनिटं लवकर पोचलो.
दिवे बंद केले, इंजिन बंद केलं.
अंधारात हातोडीचे चार ठोके.
थांबली.
मग पाचवा, हलकाच.